डोंगरकड्याहून आणलेली विमानाची बटणं

सेनगावात आमच्या मागच्या खोलीत एक विमान आहे. प्लायवूड, जुना संगणक आणि तीन टीव्ही जोडून आमच्या यांनी ते उभं केलं. पडद्यावर धावपट्टी दिसते, दांडा ओढला की आभाळ. हे डावीकडे बसायचे, मी उजवीकडच्या खुर्चीत तुरीच्या शेंगा सोलत. उडायच्या आधी बेल वाजवून म्हणायचे, "बांध गं पट्टा." खुर्चीला पट्टा नव्हता, म्हणून मी पदर खोचायची.

डोक्यावरच्या दिव्यांच्या बटणांची पट्टी तेवढी राहिली होती. ती खऱ्या प्रवासी विमानातलीच हवी, असा यांचा हट्ट. ती मिळायच्या आधीच हे गेले. मागं राहिलं एक चौकोनी भोक, आणि शेजारी पट्ट्याच्या सूचनेसाठी तात्पुरतं लावलेलं दारावरच्या बेलचं बटण.

यांची इंग्रजी पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचत गेले. मग भंगारवाल्यांना फोन सुरू केले. डोंगरकड्याच्या सलीमभाईंकडे हैदराबादेत तोडलेल्या विमानाचा माल आल्याचं कळलं. मी मागच्या बाजूचा फोटो मागवला. नंबराची पत्र्याची चकती आणि झिजलेले स्क्रू दिसले की माल खरा समजावा. तांब्यासाठी तारा मुळापासून कापू नका, हेही आधीच सांगावं. मी सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र सांगायची सुचली नाही.

सकाळी जीपनं हिंगोलीला निघाले. मागच्या बाकावर बसू नका, कंबर हलते. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं चाललात? विमानाची बटणं आणायला, म्हटलं.

"मंग हिंगोलीत उतरून काय करता? विमान तर नांदेडला उतरतं."

हिंगोली स्टँडवर पोहे खाल्ले आणि नांदेडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च किरकोळ. उजवीकडे बसावं, सकाळचं ऊन डावीकडून येतं. कळमनुरी, बाळापूर मागं पडलं की केळीच्या बागा लागतात आणि डोळ्यांना गार वाटतं.

नांदेडच्या अलीकडे डोंगरकड्याला उतरले. सलीमभाईंच्या आवारात ट्रॅक्टरच्या रिमा, जळालेल्या मोटारी आणि पंप यांचे ढीग होते. त्यांच्या बायकोनं, रजियाभाभींनी, टॉवेलात गुंडाळलेली पट्टी माझ्या हातात दिली. चकाचक होती. तिरकी केली तर आतून पाणी गळलं.

भाभी हसून म्हणाल्या, "कालच साबणानं धुतली. पाहुणी येवढ्या दुरून येऊन राहिली, अन् धुळीचं हातात द्यावं व्हय?"

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "विमानाचं हाय ते. घासायचा भगोना न्हाई."

"मंग पावसात काय छत्री लावून उडतं?"

मला हसू आलं. यांचा बॅटरी-बल्बचा तपासणीचा डबा मी नेला होता. तारा जोडून एकेक बटण दाबलं. दोन-तीन बटणांनाच बल्ब पेटला. सलीमभाई म्हणाले, घेऊ नका, तुमची तकलीफ वाया जाईल. भाभींनी मात्र पट्टी उचलली, पत्र्यावर उन्हात ठेवली आणि मला जेवायला बसवलं. खिचडी आणि चिंचेचं खट्टं. खट्ट्यात तिळाचा वास होता. मी दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर पुन्हा तपासलं. उतरायच्या दिव्यांचं बटण, पंखाच्या, शेपटीच्या, सगळ्यांना बल्ब लागला. पट्ट्याच्या सूचनेचं बटण मात्र मेलेलंच राहिलं. भाभींचा चेहरा उतरला.

"दुसरं आलं तर कळवू का, ताई?" सलीमभाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "ते आहे आमच्याकडं."

किलोच्या भावानं पट्टी मिळाली. वर भाभींनी केळ्यांची फणी दिली. परतीच्या एसटीत पट्टी मांडीवर होती आणि केळी पायाशी. एकानं विचारलं, मिक्सर दुरुस्त करून आणला का? मी हो म्हटलं. दरवेळी सांगायचा कंटाळा येतो.

घरी येऊन पट्टी भोकाला लावली. यांनी पुस्तकातल्या मापावरून कापलेलं भोक, त्यात ती जराही न घासता बसली. विमानाचे स्क्रू पाव फेऱ्यातच आवळतात, तसे आवळले. तारा जोडायला मला चार संध्याकाळी लागल्या, बोटाला चटकेही बसले. पण दिवा लावला तेव्हा काळ्या पट्टीतून पांढरी अक्षरं उजळली, आणि खोलीत मी एकटी आहे हे मला त्या क्षणी फार जाणवलं. जाणवलं, आणि तसंच राहू दिलं.

तुम्ही असं काही आणायला निघालात तर एवढं लक्षात ठेवा: धुऊ नका म्हणून फोनवर सांगा, आणि जेवायच्या वेळेला पोचा.

रजियाभाभींचा फोन आला होता. पेटतंय का सगळं, विचारत होत्या. सगळं पेटतंय, सांगितलं. मग मी पहिल्यांदा डावीकडच्या खुर्चीत बसले. उतरायचे दिवे उडतानाही लावतात, ते लावले. दारावरच्या बेलचं बटण दाबलं, पदर खोचला, आणि विमान धावपट्टीवर घेतलं.