खाट नंबर अकराचं ‘नाही’

हाडांच्या वॉर्डातल्या मावशींना सगळे पाठीमागे ‘म्हणजेकसं मावशी’ म्हणत, आणि मावशींना ते ठाऊक होतं. काम चादरी बदलायचं, लघवीची भांडी द्यायची, पेशंटला चाकाच्या खुर्चीवरून एक्स-रेला न्यायचं. कामात कुणी नावं ठेवू नयेत अशा. पण एक खोड होती. कुणी “दुखतंय” म्हणालं की या हातातलं काम तसंच ठेवून विचारणार, “म्हणजे कसं?” ठणकतंय की ठसठसतंय? चमक निघते की कळ येते? पेशंट बिचारा आधीच अर्धमेला, त्यात ही तोंडी परीक्षा!

गंमत म्हणजे पेशंटांना ते आवडायचं. कण्हायचं सोडून माणूस विचारात पडायचा आणि शब्द बरोबर सापडला की त्याच्या तोंडावर समाधान दिसायचं. बावीस वर्षांत मावशींच्या ध्यानात आलं होतं की माणसं हे शब्द उगाच वापरत नाहीत. दाढ ठणकते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते. दाढेत मुरडा आला म्हणणारा अजून जन्माला यायचाय. असं का असावं, कुठल्या दुखण्याला कुठला शब्द हे कुणी ठरवलं असेल, याचा विचार त्या चादरी खोचताना करत. बोलून मात्र दाखवत नसत. एकदा डॉक्टरांच्या राउंडला मध्येच तोंड घातलं होतं तेव्हा सिस्टरांनी चारचौघांत झापलं होतं, की मावशी, तुम्ही चादरींचं बघा.

अकरा नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आले. दुकानात जड कपाट पायावर पडून नडगी मोडली होती. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, जखम भरली. पण दोन महिने झाले तरी काका पाऊल टेकवीनात, म्हणून पुन्हा दाखल केलं. एक्स-रे इतका छान की वॉर्ड सांभाळणारे छोटे डॉक्टर तो सगळ्यांना दाखवत होते.

राउंडला ते विचारायचे, “काका, दुखतंय का?” काका म्हणायचे, “नाही.” कागदावर लिहिलं जायचं, वेदना नाही. आणि संध्याकाळ झाली की हेच काका सिस्टरांकडे दुखण्यावरची गोळी मागायचे. दुखत नाही म्हणे, आणि गोळी तर हवी! छोटे डॉक्टर काही दुष्ट नव्हते. एकट्यावर साठ खाटा होत्या आणि त्याच महिन्यात दोघांनी गोळ्यांसाठी त्यांना चांगलंच बनवलं होतं. त्यांनी काकांच्या कागदावर शेरा मारला: गोळ्यांची सवय. गोळी बंद, उद्या घरी. हा शेरा पुढे काका ज्या ज्या डॉक्टरकडे जातील तिथे त्यांच्याआधी पोचणार होता.

मावशींना कागदातलं काही कळत नव्हतं. त्यांचं भांडण चादरीशी होतं. त्या पायाशी चादर नीट खोचायच्या आणि पाठ वळली की काका ती उजव्या पावलावरून काढून टाकायचे. त्या दिवशी तिसऱ्यांदा चादर निघाली तेव्हा मावशींनी विचारलं, पायाला गार नाही का लागत?

“चादर लागते,” काका म्हणाले.

“लागते म्हणजे कसं?”

काकांनी चष्मा वर केला. “आग होते. पाऊल निखाऱ्यावर ठेवल्यासारखं. चादर नुसती टेकली तरी होते, वारा लागला तरी होते.”

“मग डॉक्टरांना दुखत नाही का म्हणता?”

“दुखत नाहीच. हाड मोडलं तेव्हा दुखत होतं, ते थांबलं. घड्याळ बंद पडलंय की मागे पडतंय, हे गिऱ्हाइकानं नीट सांगितलं नाही तर मी भलतंच उघडून बसतो. मग मीच डॉक्टरांना भलतं कसं सांगू?”

मावशींना आधी हसू आलं आणि मग रागच आला. आपणहून सांगता येत नाही का, म्हणून त्यांनी खडसावलं. काका म्हणाले, सांगितलं होतं. छोट्या डॉक्टरांनी जखमेवर हात ठेवून पाहिला, गरम लागली नाही. म्हणाले, कसली आग, सगळं गार आहे. तेव्हापासून विचारतील तेवढंच सांगायचं, असं काकांनी ठरवून टाकलं होतं.

मावशींनी हे सिस्टरांच्या कानावर घातलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि कागदावर बोट ठेवलं. वेदना नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंचा राउंड होता. मावशी हातात चादरींची चळत घेऊन अकरा नंबरपाशी घुटमळल्या. छोटे डॉक्टर म्हणाले, जखम उत्तम, वेदना नाही, आज घरी. सगळे पुढच्या खाटेकडे वळले.

“मॅडम,” मावशी म्हणाल्या, “यांना दुखत नाही हे खरंय. पण आग होते का ते विचारा.”

सिस्टरांनी डोळे वटारले. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्टूल ओढलं, बसल्या आणि काकांना म्हणाल्या, “सांगा, काय होतंय?” काका पाच मिनिटं बोलले. मग बाईंनी कापसाचा पुंजका पावलावरून अलगद फिरवला. काकांनी पाय असा ओढला की खाट हलली.

बाई म्हणाल्या, हाड बरं झालंय, नसा चिडल्या आहेत. त्यांचं औषध निराळं, पायाला हळूहळू सवय लावायचा व्यायाम निराळा. संध्याकाळच्या गोळीनं आग जात नव्हती, जरा डोळा लागत होता एवढंच. पूर्ण बरं होईल असं वचन त्यांनी दिलं नाही. घरी पाठवणं रद्द केलं आणि शेरा स्वतःच्या पेनानं खोडला. जाताना मावशींना विचारून घेतलं की लोक आणखी काय काय म्हणतात. मावशींनी चुणचुण, भगभग आणि मुंग्या सांगितल्या आणि लाजून चादरी घेऊन पळाल्या.

दुपारी त्या शेजारची खाट घालत असताना छोटे डॉक्टर एकटेच आले. कागद आणला नव्हता. उभ्याउभ्याच म्हणाले, “काका, मी तुम्हाला खोटं बोलणारा समजलो होतो.”

काकांनी चष्मा वर केला. नेमका शब्द शोधत असावेत.

“हो,” ते म्हणाले. “ते मात्र दुखलं.”