बर्फाचा वाफसा

माझी चुलत बहीण गीतांजली अंजनगाव सुर्जीची. काळ्या वावरात वाढलेली ही पोरगी हिमाचलात बर्फ खणायची नोकरी करते, हे ऐकून गावातले निम्मे लोक हसतात आणि उरलेले पगार विचारतात. काम सांगायला सोपं आहे. उतारावर खड्डा खणायचा, बर्फाचे थर तपासायचे आणि खालचा रस्ता चालू ठेवायचा की बंद, ते कळवायचं.

गेल्या डिसेंबरात तिचे वडील, आमचे खुशालकाका, तिच्याकडे राहायला गेले. इकडे गावी तिच्या आईच्या, वच्छलाकाकूंच्या, पित्ताच्या पिशवीचं दुखणं एकाएकी वाढलं. अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवसांनी ऑपरेशन ठरलं. काका तेव्हाच निघाले असते तर वेळेवर पोहोचत होते. पण नुकतंच ताजं बर्फ पडलं होतं आणि उतार तपासल्याशिवाय गाड्या सोडता येत नव्हत्या.

काका बॅग घेऊन तिच्यामागे खड्ड्यापर्यंत गेले. वर ताज्या बर्फाचा घट्ट थर, खाली नोव्हेंबरातल्या बर्फाचा पातळ थर, कोरड्या थंडीनं साखरेसारखा रवाळ झालेला. काकांनी त्यातलं मूठभर घेऊन दाबलं. आमच्याकडे पेरणीआधी मातीचा गोळा करून खाली टाकतात. फुटला की वाफसा आला, वावरात शिरायला हरकत नाही. इथे तर गोळाच झाला नाही, नुसता भुगा. काका खूश झाले.

"वाफसा आला, पोरी. जाऊ दे मले."

गीतांजलीने बर्फाचा एक खांब चहूबाजूंनी कापून मोकळा केला, त्यावर फावडं ठेवून हाताने थोपटलं. वरचा थर अख्खाच्या अख्खा निसटून तिच्या पायाशी आला. मातीत जे चांगलं तेच इथे वाईट, खालचं भुसभुशीत असलं की वरच्याला धरायला काही उरत नाही, हे तिने समजावलं. समजावता समजावता तिला रडू फुटलं. आई तिचीही होतीच.

"बाबा, रस्ता बंद आहे. तुमाले बी."

काकांनी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी सुरुंग लावून बर्फ पाडलं, तेव्हा खालचा रस्ता पार गाडला गेला. तो साफ होईपर्यंत ऑपरेशन उरकलं होतं. बार लावल्यावर काहीही पडतंच, असं म्हणत काका गाडीत बसले आणि पोरीकडे वळूनही पाहिलं नाही. हट्टीपणात आमचं घराणं कोणाला ऐकत नाही.

दवाखान्यात मी काकूंच्या उशाशी होतो. आल्या आल्या काकांनी गाऱ्हाणं मांडलं, की सख्ख्या पोरीनं अडवलं, तुझ्याजवळ येऊ दिलं नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी शुद्धीवर आली तवा तुमी नव्हते, थे मी सोसलं. पन तिनं रस्ता सोडला असता अन् तुमी दबले असते, त थे पोरीनं कसं सोसलं असतं?"

काकांनी स्टूल काकूंच्या खाटेजवळ ओढलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तिले फोन लाव."