डावीकडून उमटलेली उर्दू

समोरच्या मोठ्या वकिलांच्या बुजुर्ग मुन्शींनी त्या दिवशी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. कार्बनचा तेलकट वास आला की आजही धाराशिवची कचेरी आठवते. निजामाचं राज्य, कोर्टाची भाषा उर्दू. शाळा अर्धवट सोडून लोहाऱ्याहून आलेला मी एका खोलीच्या वकिलांकडं अर्ज लिहायचो. समोर पाच मुन्शी होते, इथं मी एकटाच. म्हणून एका लिखाणात दोन प्रती काढणारा तो काळा कार्बन कागद आधी आमच्याकडंच आला. दोन कागदांमध्ये ठेवून टाक दाबत अख्खी अर्जी लिहिली. उचलून बघतो तर खालचा कागद कोरा, अन् वरच्याच्या पाठीवर उलटी अक्षरं. कोर्टात आमच्या खटल्याचा पुकारा व्हायला आलेला. वकीलसाहेब आता गावाकडं धाडणार, असंच वाटलं. पान मागायला आलेले समोरचे बुजुर्ग मुन्शी ते बघून म्हणाले, “मियाँ, उर्दू डावीकडनं कधीपासनं लिव्हायला लागलास? ही तर मराठी झाली की.” त्यांनी काळा कागद पालथा घातला, माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली आणि खाली उमटलेली ओळ लई वेळ न्याहाळली. “आमच्या सायबाला दावू नगंस. पाच मुन्शींचे दोनच ऱ्हातील.” मग शेजारी बसून म्हणाले, “म्या वाचतो, तू दाब.” पुकारा झाला तेव्हा दोन्ही प्रती तयार होत्या. आता मुलखापासून लांब, टाइपरायटर खडखडणाऱ्या मोठ्या ऑफिसात मी बसतो. मुन्शी कुठं असतील, ठाऊक नाही. पण त्यांच्या घरचं कुणी भेटलं, तर शेजारी बसवून हे यंत्र शिकवीन.