नरड्याचा केला कंठ

आमच्या सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. मांडव, ग्रंथदिंडी, कविसंमेलन, वर पंगत. त्याचं मला कौतुकच आहे. माझा राग आहे तो एका माणसावर, आणि माझ्या स्वतःवर.

निपाणीजवळच्या एका गावच्या संमेलनाला मी कविता दिली होती. माझ्या आईची हयात निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात गेली. वारा सुटला की भुकटी उडायची आणि बायका ठसकून ठसकून बेजार व्हायच्या. मी लिहिलं होतं, ‘वारा खवळून येतो, नरड्यात घुसतो.’ आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “व्हय, असाच यायचा मेला.” माझ्या कार्यक्रमाला यायला ती पहिल्यांदाच तयार झाली, ती त्या एका ओळीसाठी.

मांडवात स्मरणिका हातात पडली. आत छापलं होतं, ‘वारा बागडत येतो, कंठात रुळतो.’

स्मरणिकेचे संपादक शहरातल्या टिळकवाडीतले, मराठीचे निवृत्त शिक्षक. जाब विचारला तर हसून म्हणाले, “मॅडम, निसर्गकविता आहे, त्यात नरडं कशाला? आपली स्मरणिका पुण्याला जाते. तिकडच्यांनी नावं ठेवायला नकोत.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, वारा बागडला की सांगणारी बाई खुशीत आहे असंच वाटणार ना? भुकटीनं जीव घुसमटलेली बाई खुशीत कशी असेल? मराठीसाठी जन्मभर भांडायचं आणि मराठी बोलणाऱ्या बाईचा संताप मात्र खोडून टाकायचा, ही कुठली रीत?

ठरवलं, वाचायचं ते माझंच. पण माईकसमोर उभी राहिले तर पुढच्या रांगेतले पाहुणे स्मरणिका उघडून, ओळीवर बोट ठेवून बसलेले. तिथं मी कच खाल्ली. बागडणं, रुळणं, छापलेलं सगळं मुकाट वाचलं. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांची मला आजही चीड येते.

परतताना बसमध्ये आई पदर सारखा करत म्हणाली, “चांगली हुती गं कविता. पर आमच्या वखारीची का न्हाय वाचलीस?”