उकिरड्यानं कूस बदलली

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. घरामागच्या उकिरड्यावरून आई आणि बायकोचं वाजलं. दोघींच्या मध्ये मी, हातात फावडं. त्यातल्या त्यात फावड्याचा दांडा तरी ताठ होता.

बायको रिसोडकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. माहेरचं मिरचीचं बी तिनं पदराला बांधून आणलेलं. आई म्हणाली, "येत्या पावसाळ्यात मिरची आणून दाखव, परस तुयं. नाही तं तिथं मी गोवऱ्या थापीन."

मिरचीला खत हवं. खतासाठी उकिरडा, म्हणजे शेण, राख, पालापाचोळ्याचा ढीग, वर-खाली करायला हवा; त्यालाच उलथा म्हणतात. आईचं म्हणणं, उकिरड्यात लक्ष्मी असते, तिला उकरू नये.

"उलथा किती डाव लागते?" मी बायकोला भीतभीत विचारलं. 'वर्षातून एकदा' असं उत्तर यावं, ही अपेक्षा.

"सब्बल रोवून ठेवा. उपसून हात लावा. गरम लागली तं ढिगाले शिवू नका. थंड लागली का उलथा, अन् पाणी शिंपडा."

मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ढिगात रोवली आणि मोठं काम उरकल्यासारखा शेलूबाजारच्या बाजाराला गेलो. परत येऊन पाहतो तर सब्बलीला हळदीकुंकू! दिवाळी होती. आई उकिरड्यावर दिवा लावायला गेलेली. आडवी येते म्हणून तिनं सब्बल उपसली, तर खालच्या टोकाचा हाताला चटका बसला. एवढ्या थंडीत लोखंड गरम! आईनं ती होती तशी रोवली आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी शेजारणी आल्या. एकीनं तर नारळ वाढवला. आता त्या ढिगाला फावडं कोण लावणार? खरं सांगायचं तर माझ्या कंबरेला हा देव फार मानवला होता.

बायको मात्र रोज सकाळी सब्बल उपसून हात लावायची, पुन्हा रोवायची. एके दिवशी लोखंड गार लागलं. ढीग असाच पडून राहता तर खत वेळेवर होत नव्हतं, आणि परसात गोवऱ्या ठरलेल्याच. तिनं आईला हाक मारली.

"आत्याबाई, हात लावून पाहा बरं."

आईनं लावला. चेहरा उतरला. "थंडावला व! काहून? कोणाचं काही चुकलं का?" असं म्हणून तिनं माझ्याकडेच पाहिलं.

"चुकलं नाही. एकाच कुशीवर किती दिस पडून राहीन तो? भादव्यात देवबी कूस बदलते. तुमीच तं ती एकादस धरता."

आईनं ढिगाला हात जोडले. मग माझ्यावर ओरडली, "आयकलं ना? फावडं आण! पाहून काय राह्यला?"

वरचं खाली, खालचं वर, मग पाणी. काही दिवसांत सब्बल पुन्हा चटके देऊ लागली आणि आईनं ते गल्लीभर सांगितलं. पुढं तीच रोज पहाटे पाहायची. मागच्या दारातून हाक आली, "थंडावला रे!", की मी कंबर चोळत उठायचो.

उन्हाळ्यापर्यंत ढिगाचं काळं भुसभुशीत खत झालं. पावसाळा सरता सरता मिरची लागली. पहिल्या तोड्याचा ठेचा खाऊन आईच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं.

"परस तुयं," ती नाक ओढत बायकोला म्हणाली. "पण उकिरडा माया."

"राहू द्या. अन् हे?" बायकोनं माझ्याकडे बोट केलं.

"उलथाच्या दिवशी माया," आई म्हणाली. "बाकी दिवस ठेव तुयापाशी."