जवसाचा चीक

मुदतीच्या तापातून मी उठले तेव्हा अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, आणि डोक्याच्या मागं केसांचा एक गठ्ठा झाला होता. कितीतरी आठवडे मी उताणीच पडून होते. केस घामानं भिजायचे, वाळायचे, पुन्हा भिजायचे. त्या दिवसांत मी जगते की नाही याचीच सगळ्यांना काळजी, वेणीफणी कुणाला सुचणार? ताप उतरल्यावर मायनं फणी घेतली तर ती केसांत शिरेचना. मानेपासून कानापर्यंत सगळं घोंगडीसारखं घट्ट झालेलं.

आमचं घर पिंपळगाव राजात. वडील कपाशी नि ज्वारी करायचे. घरात शब्द चालायचा तो आत्याचा. वडिलांची ही मोठी बहीण तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तिनंच वडिलांना लहानाचं मोठं केलं होतं. मी तापात असताना ती रोज सकाळी ओलेत्यानं देवीच्या देवळात जायची. माझ्या डोक्यामागचा गठ्ठा पाहिला आणि तिनं हात जोडले.

"देवीनं पोरगी परत देली, पण आपली खूण ठेवली," ती म्हणाली. "हे जट हाय. याले कैची लावायची नाई."

जट म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीत जट आलेली एक बाई राहायची. मंगळवारी-शुक्रवारी बाया तिच्या पाया पडायच्या, पण कुणाच्या पंगतीत ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचं लग्न झालं नव्हतं. ती देवीची, असं म्हणत. मी तेव्हा चौथीत होते. चौथी झाली की मेहकरला मामाकडं राहून पुढं शिकायचं, असं वडिलांनी कबूल केलं होतं. शाळेत भिंतीवर मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा मोठा नकाशा होता, त्यात मेहकर कुठं आहे ते मी मैत्रिणींना बोटानं दाखवून ठेवलं होतं. आता वडील मेहकरचं नाव काढीनात. एकदा मायनं विषय काढला तर म्हणाले, "देवीची पोरगी परगावी कशी धाडू?"

माय गप्प बसणारी नव्हती. तिनं तिळाचं तेल ओतून पाहिलं. गठ्ठा जड झाला, वरून धूळ बसली. मग रिठ्यानं धुतलं, तर वाळताना केस आणखी आवळले आणि टाळू ओढली जाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाह्य, देवी नाई म्हणून राह्यली," आत्या म्हणाली.

हिवाळ्याचे दिवस होते. अंगात शक्ती यावी म्हणून मला अंगणात उन्हात बाजेवर बसवत. आमची गाय नुकतीच व्याली होती आणि तिच्यासाठी माय जवस शिजवायची. एका सकाळी तिनं शिजलेल्या जवसाचं घमेलं गाईजवळ निवत ठेवलं आणि गाईनं शेपटी झटकली ती थेट घमेल्यात. मायनं गाईला दोन शब्द सुनावले आणि शेपटी पुसायला घेतली. त्या शेपटीच्या गोंड्यात गोखरू भरले होते. आदल्या दिवशीच मायनं ते काढायचा प्रयत्न केला होता आणि बोटं रक्ताळून सोडून दिला होता. आता ते नुसत्या अंगठ्यानं घसरून खाली पडत होते.

मी बाजेवरून उठून जवळ गेले. शेपटीचे केस बोटांत धरले. बुळबुळीत, एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही.

"माय," मी म्हणाले, "जवसानं सुटून राह्यले."

मायनं शेपटीकडं पाहिलं, मग माझ्या डोक्याकडं. आत्याला विचारायचं मीच ठरवलं. ती ओसरीवर तूर निवडत होती.

"आत्या, कैची लावायची नाई ना?"

"नाई."

"अन् भिजवलं तं?"

"भिजवाले काय होते? देवीची असन तं सुटणारच नाई."

माय दारातच उभी होती. तिनं सावकाश विचारलं, "अन् बाई, सुटली तं?"

आत्याचा हात सुपात थांबला. "सुटली तं तापाची होती म्हणू."

वडील बैलांना पाणी दाखवून येत होते. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "ठरलं मंग."

पहिल्या दिवशी आमचं फसलं. मायनं जवस उकळून थंड होऊ दिलं आणि मग त्याचा असा घट्ट गोळा बनला की फडक्यातून थेंब गळेना. दुसऱ्या दिवशी गरम असतानाच गाळलं. खाली उतरलं ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं. कोमट झाल्यावर तिनं ते गठ्ठ्यात मुरवलं, वर ओलं फडकं बांधलं आणि मग तुराटीची काडी घासून गुळगुळीत करून टोकाकडून सोडवायला बसली. मुळाकडून ओढलं की गाठ बसते, टोकाकडून गेलं की उकलते, हे तिला पहिल्या तासातच कळलं. पहिली बट मोकळी झाली तेव्हा तिनं ती माझ्या खांद्यावरून पुढं आणून माझ्या हातात दिली. कधी नव्हे इतका मऊ केस होता तो.

रोज दुपारी आमचं हेच चाललं. केस तुटलेही, दुखलंही. पण दर दिवशी गठ्ठा लहान व्हायचा. आत्या लांबून पाहायची. एका दुपारी ती आली आणि मोकळे झालेले केस तळहातावर घेऊन नुसती उभी राहिली. मग तिला रडू फुटलं.

"म्या नवस बोलली होती," ती म्हणाली. "पोरीले वाचव, मंग तुह्या पायाशी घालतो."

मायनं काडी खाली ठेवली. "घालू ना, बाई. पोरगी पायाशी डोकं टेकवन, आपण ओटी भरू. जितीजागती पोरगी घेऊन जाऊ."

आत्यानं डोळे पुसले, पदर खोचला आणि मायच्या शेजारी बसली. "सरक वं थोडी," ती म्हणाली. त्या दिवसापासून चार हात झाले. तिची बोटं मायपेक्षा हलकी होती, आणि शेवटची, अगदी मानेजवळची गाठ तिच्याच हातून उकलली. वरपासून खालपर्यंत फणी एकदा सरळ निघाली.

"तापाची होती," आत्या म्हणाली. वडिलांनी पलीकडून "हाव" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी मामाकडं निरोप धाडला.

देवीला आम्ही तिघी गेलो. मी केस मोकळे सोडले होते. वाटेवरच्या बाया काम थांबवून पाहत राहिल्या आणि मी मान जरा जास्तच ताठ ठेवली. चौथी पास झाले, मेहकरला गेले, पुढं शिकले.

जवसानं नेमकं काय केलं, ते मी मनाशी पुष्कळ दिवस घोळवत होते. रिठा मळाबरोबर केसाचं तेलही नेतो, केस खरखरीत होतो, आणि खरखरीत केस एकमेकांना धरून ठेवतात. तेल गाठीवरच बसतं आणि धूळ ओढतं. जवसाचा चीक मात्र पाण्याबरोबर आतपर्यंत जातो, एकेका केसाला पातळ अस्तर चढवतो, आणि मग कुणीच कुणाला धरू शकत नाही.

पहिल्या सुट्टीत मी घरी आले तर अंगणात अनोळखी बाई बसलेली. दुसरबीडकडून आली होती, मांडीवर जट झालेली लहान मुलगी. आत्या चुलीपुढं जवस ढवळत होती.

"थंडं होऊ द्यायचं नाई," ती त्या बाईला समजावत होती. "गरम हाय तोवरच गाळायचं. अन् टोकाकून सोडवायचं, मुळाकून नाई. मले सारं ठाऊक हाय."

माय माझ्याकडं पाहून हसली आणि गाळायचं फडकं आत्याच्या हातात दिलं.