करुणा सिस्टरांच्या वॉर्डातली शाळा

हिंगोलीत सिस्टर पुष्कळ आहेत. पण धान्याच्या मोंढ्याजवळ रिक्षात बसून नुसतं ‘सिस्टरांकडे चला’ म्हटलं, तर रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. तो सरळ करुणा सिस्टरांच्या दवाखान्याच्या फाटकाशी नेऊन सोडतो. दवाखाना त्यांचा नाही, एका ट्रस्टचा आहे. सिस्टर तिथल्या बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज. ठेंगणा, भरलेला बांधा, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची म्हातारी पदर सावरून बसते.

गेली काही वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टरांच्या मागे शाळेतली पोरं असतात. अकरावीची. अंगात पांढरे कोट, कोटांच्या बाह्या हातापेक्षा लांब. गावातल्या एका शाळेत आरोग्यसेवा हा विषय सुरू झाला, तेव्हा शिकवायला एक प्लास्टिकचा सांगाडा आणि एक बाहुली आली. मास्तरांनी चार दवाखान्यांत विचारलं, आमची मुलं आठवड्यातून दोनदा येऊन शिकली तर चालेल का. सगळीकडे उत्तर एकच : आधीच नातेवाइकांची गर्दी, त्यात ही पोरं कुठे सांभाळायची. करुणा सिस्टरांनी मात्र विचारलं, “पोरं सकाळी जेवून येतील ना? उपाशी आली तर चक्कर येऊन पडतात.” मास्तर हो म्हणाले आणि शाळा वॉर्डात आली.

वासंतीला हे सगळं पहिल्या पालकसभेत कळलं. तिची जान्हवी यंदा त्या वर्गात होती. वासंती बी.ए. झालेली, नगरपालिकेच्या वाचनालयात नोकरीला, आणि स्वभावाने काळजी करणारी. मुलीने कॉमर्स घ्यावं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात, पंख्याखाली बसून काम करावं, असं तिच्या मनात होतं. दवाखाना म्हटलं की तिला सुया आठवत, खोकला आठवे आणि पोरीने या वयात पाहू नये असं बरंच काही आठवे. तिचे यजमान सूर्यकांत हसायचे. “अगं, दवाखान्यात चाललीय, सीमेवर नाही,” म्हणायचे. वासंती तरीही रोज सॅनिटायझरची बाटली दप्तरात टाकायची.

पहिल्या दिवशी पोरांना वाटलं होतं, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायला मिळेल. सिस्टरांनी एकेकाला रिकाम्या खाटेवर आडवं केलं आणि सांगितलं, “छताकडं बघा.” मग स्ट्रेचरवर घालून व्हरांड्यातून फिरवलं. ढकलायलाही पोरंच. उंबऱ्यावर स्ट्रेचर आदळलं की वरचा ओरडायचा, खालचे हसायचे.

“आता हसून राहिला,” सिस्टर म्हणाल्या, “पोटाला टाके असते म्हणजे?”

हसणं थांबलं. दुसऱ्या फेरीला स्ट्रेचर उंबऱ्यावरून पाण्यावर होडी जावी तसं गेलं.

मग चादर घालणं, हात धुणं, पेशंटला हात लावण्याआधी आपलं नाव सांगणं. भीमराज नावाचा एक उंच मुलगा कंटाळून म्हणाला, “सिस्टर, डॉक्टर व्हायचं कवा?”

“आधी चादरीचा कोपरा नीट दुमड. डॉक्टर त्याच्या खालून निघते का बघू.”

हाच भीमराज तिसऱ्या आठवड्यात मधुमेहाच्या पायाचं ड्रेसिंग बघताना भिंतीला टेकत टेकत खाली बसला. सिस्टरांनी त्याचे पाय उशीवर ठेवले आणि शुद्धीवर आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, “मी पण पडले होते. तुझ्यापेक्षा जोरात.” मग त्यांनी त्याला एक्स-रेच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे रक्त नाही, यंत्र आहे. भीमराज तिथून निघायला तयार होईना. आता तो एक्स-रे टेक्निशियनचंच शिकणार म्हणतो.

सिस्टर पडल्या होत्या हे खरंच आहे. त्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या. वडील जळबा दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यांच्या वस्तीतून नर्सिंगला जाणारी करुणा पहिली. दवाखाना म्हणजे काय, तिने आतून पाहिलंच नव्हतं. मार्क पडले, नंबर लागला, घरच्यांनी कसंबसं करून पाठवलं, आणि वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी जखमेच्या वासाने ती कोसळली. परत यावं तर बापाला तोंड कसं दाखवायचं, राहावं तर रोज तोच वास. रडतकुढत एक वर्ष काढलं तेव्हा कुठे हे काम आपलं वाटायला लागलं. तिच्याबरोबरच्या दोघी तेवढं तगल्या नाहीत. त्या गावी परतल्या, लग्नं झाली, पुन्हा शिकणं नाही. “त्यांना कोणी आधी दवाखाना दाखवला असता,” सिस्टर पालकसभेत म्हणाल्या होत्या, “तर दुसरं काही शिकल्या असत्या. म्हणून म्हणते, आधी बघा, मंग ठरवा. न्हाई जमलं तर तेबी शिकणंच हाय.”

वासंतीला ते शेवटचं वाक्य बरं वाटलं होतं. नाही जमलं तर सुटका, असा तिने त्याचा अर्थ घेतला होता.

आणि एका मंगळवारी जान्हवी घरी आली ती बूट न काढता आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. वासंतीने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. संध्याकाळी पोरगी बोलती झाली.

झालं होतं असं. वॉर्डात पुसेगावच्या पारुबाई होत्या. साखरेचा आजार, रोज सकाळी इन्सुलिन. सुई देण्याआधी नाश्ता समोर आला आहे हे सिस्टर बघतात. त्या दिवशीही उपमा समोर होता, सुई दिली आणि सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. पण दिवस होता अंगारकीचा. पारुबाईंनी उपमा गुपचूप सुनेच्या डब्यात ओतला आणि बिनसाखरेचा चहा पिऊन चंद्राची वाट बघत पडल्या. बोलल्या कोणाला नाहीत, कारण सिस्टर रागावतील.

थोड्या वेळाने त्यांनी जवळ उभ्या असलेल्या जान्हवीला म्हटलं, “बाई, मला घाबरं होऊन राहिलं.”

जान्हवी शहरातली. तिच्या घरी घाबरणं म्हणजे भीती वाटणं. सिस्टरांनीच शिकवलं होतं की पेशंट घाबरला तर जवळ बसा, हात धरा, हळू बोला. ती स्टूल ओढून बसली. हात धरला. “घाबरू नका आजी, मी आहे ना. उद्या-परवा घरी जाल.” पारुबाई पुन्हा म्हणाल्या, लई घाबरं होऊन राहिलं. जान्हवीने हात आणखी घट्ट धरला. हात ओला झाला होता. तिला वाटलं, आपल्याच तळव्याला घाम आलाय.

वॉर्डाच्या मधोमध सिस्टर दुसरीचं सलाईन बघत होत्या. तो शब्द तिसऱ्यांदा त्यांच्या कानावर पडला, आणि त्या ठेंगण्या बाई कशा धावल्या ते जान्हवीला सांगता येईना. बोटातून रक्त घेतलं, साखर पार खाली. ग्लुकोज पाजलं, डॉक्टर आले, सलाईन लागलं. पारुबाईंनी डोळे नीट उघडले तेव्हा पहिल्यांदा म्हणाल्या, “चतुर्थी मोडली का माझी?”

पारुबाई वाचल्या. पण जान्हवीला एवढंच दिसत होतं की एक बाई आपल्याला सांगत होती आणि आपण तिचा हात कुरवाळत बसलो होतो. “मी पुन्हा जाणार नाही,” ती म्हणाली. “सिस्टर मला काही बोलल्यासुद्धा नाहीत.”

“नको जाऊस,” वासंती म्हणाली. म्हणताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, आणि पोरगी रडत असताना आपल्याला हलकं वाटतंय याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाण्याआधी ती दवाखान्यात गेली. सिस्टरांचा राउंड चालू होता. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. बसल्या बसल्या ती बघत होती. सिस्टर प्रत्येक खाटेशी थांबत, आधी पेशंटच्या तोंडाकडे बघत, मग कागदाकडे. एका बाईशी हिंदीत बोलल्या, एकीशी साखऱ्याच्या बोलीत, तिसरी रागावून बसली होती तिला म्हणाल्या, “काहून गं, सुनेनं वरण पातळ आणलं का आज?” ती हसली आणि गोळी घेतली.

राउंड संपल्यावर सिस्टर आल्या, बाकावर शेजारीच बसल्या. वासंतीने घरून तयार करून आणलेली वाक्यं म्हटली. मुलगी हळवी आहे. तिला हे झेपणार नाही. पुढच्या वर्षी विषय बदलू.

“ताई, हे तुमी म्हणता का ती म्हणते?”

“दोघी.”

सिस्टरांनी चष्मा काढून पदराला पुसला. “घाबरं म्हणजे काय, ते मी त्यांना सांगायला पायजे होतं. आमच्याकडं लहान लेकरूबी जाणतं, म्हणून मला सुचलंच न्हाई. शहरातून आलेल्या डॉक्टरांना मी पयल्या दिवशी सांगते. पोरांना सांगायचं राहिलं. कालपासून तेच डोक्यात हाय.”

वासंती कोणालातरी दोष द्यायच्या तयारीने आली होती, आणि समोरच्या बाईने तो आधीच उचलून आपल्या ओटीत घेतला होता.

“तिला न्हाई जमत असंल तर मी अडवत न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “पण तिला म्हणा, नको वाटलं तर जा, लाजून जाऊ नको. लाजून गेलेलं माणूस जन्मभर तिथंच उभं राहते. माझ्या दोघी मैत्रिणी अशाच गेल्या. पारुबाई शुक्रवारी घरी चालल्या. सकाळधरून विचारतात, हात धरून बसली होती ती पोरगी कुठं हाय. एकदा येऊन त्यांना भेटू द्या. मंग तिचं ती ठरवंल.”

“मी सांगूनही ती यायचं नाही म्हणाली तर?”

“तर न्हाई. तुमी सांगा मात्र.”

वाचनालयाकडे स्कूटी चालवत वासंती तेच घोळवत राहिली. सांगितलं नाही तर कोणाला कळणार होतं? सिस्टर काही घरी येणार नव्हत्या. शुक्रवार जाईल, पारुबाई पुसेगावला जातील, जान्हवी कॉमर्स घेईल, आणि आई म्हणून आपण रात्री निवांत झोपू. बुधवार तिने असाच काढला. गुरुवारी जान्हवीने पांढरा कोट धुवून, इस्त्री करून, शाळेला परत द्यायला पिशवीत घातला. वासंतीने तिचा चेहरा बघितला. पोरगी नको म्हणून चालली नव्हती. पोरगी तोंड लपवून चालली होती.

भाजी चिरता चिरता तिने सिस्टरांचा निरोप सांगितला. एकही शब्द गाळला नाही. जान्हवीने फक्त विचारलं, “आजी माझ्यावर रागावल्यात का?”

“ते तूच विचार.”

शुक्रवारी वासंतीने रजा घेतली आणि तिला स्कूटीवर मागे बसवून नेलं. कोटाची पिशवी हातात घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत गेली, आत गेली नाही. पारुबाई गाठोडं बांधून खाटेवर तयार बसल्या होत्या. सून चपला शोधत होती. सिस्टर बाकीच्या पोरांना घेऊन पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी जान्हवीला पाहिलं, पण हाक मारली नाही.

जान्हवी खाटेशी जाऊन उभी राहिली. “आजी, मी जान्हवी. माझं चुकलं. तुम्ही सांगत होता, मला वाटलं तुम्हाला भीती वाटतेय.”

“भ्याले?” पारुबाई सुनेकडे बघत म्हणाल्या. “ऐकलं का? मला म्हणे भ्याले. अगं, दोनदा साप मारला मी शेतात. तू आपली म्हणून राहिली, आजी घाबरू नका, आजी घाबरू नका. मला वाटलं, हे लेकरू सोताच भ्यालंय, म्हणून तुझा हात सोडला न्हाई.”

भीमराज फस्सकन हसला. मग सगळेच. जान्हवीसुद्धा, डोळे पुसत.

“मग घाबरं होतं म्हणजे काय होतं आजी?” तिने विचारलं. “मला नीट सांगा.”

पारुबाई सांगू लागल्या. पोटात खड्डा पडल्यावानी. हातपाय गळतात. मानेला घाम. डोळ्यापुढं काजवे. जान्हवीने स्टूल ओढलं. आधी काय होतं, घाम की काजवे? दम लागल्यावर पण घाबरंच म्हणता का? मग त्यातला फरक आम्ही कसा ओळखायचा? पारुबाईंना आजवर कोणी एवढं विचारलं नसावं. त्या रंगात आल्या. बाकीची पोरं हळूहळू खाटेभोवती जमली. सिस्टर मागे उभ्या होत्या. फक्त एकदा सुनेला म्हणाल्या, “पुढल्या चतुर्थीला सुईच्या आधी मला फोन लावायचा. देवाला मी सांगते काय सांगायचं ते.”

सुनेने बाहेर रिक्षा आल्याचं सांगितलं. “थांब की,” पारुबाई म्हणाल्या, “पोरगी विचारून राहिली.”

वासंती दारात उभी होती. तिने आपल्या मुलीला असं पुढे वाकून, दुसऱ्याच्या तोंडाकडे लक्ष लावून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. काळजी गेली नाही. ती जायची नव्हतीच. सुया तिथेच होत्या, खोकणारी माणसं तिथेच होती. पण आता पोरीला इथून उठवून नेणं आपल्या हातून होणार नाही, हे तिला कळलं.

पारुबाई गेल्यावर जान्हवी दाराशी आली. “आई, तू जा. मला इथे वेळ लागेल,” म्हणाली, आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन कोट अंगात चढवत आत गेली.